एआरएम सर्व्हरवर चालू व्हीएमला पहिली डिस्क जोडता येते, दुसरी नाही

रात्रपाळी_बडोदा
रविवार, रात्री 12:10

मंडळी नमस्कार. मी बडोद्याची. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे सर्व्हर, प्रिंटर, हजेरीचं मशीन आणि शेठच्या मुलीचा लॅपटॉप, सगळंच माझ्या गळ्यात. फोनवरून लिहितेय, दर शब्दाला कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो, म्हणून कमांडाही देवनागरीतच आहेत. ज्यांना कळायच्या त्यांना कळतील.

आमच्याकडे बरीच वर्षं एक्स86 चा (इंटेल जातीचा) एक जुना डबा होता, त्यावर अकरा व्हीएम, म्हणजे एकाच डब्यात चालणारे अकरा आभासी संगणक. रोज रात्री एक स्क्रिप्ट चालायची. एका बाहेरच्या ड्राइव्हवर प्रत्येक व्हीएमची बॅकअप डिस्क फाइलच्या रूपात असते. ती फाइल चालू व्हीएमला जोडायची, आत रीस्टिक या प्रोग्रामने बॅकअप घ्यायचा, डिस्क काढायची, पुढच्या व्हीएमकडे जायचं. त्या डब्याने या कामात कधी तक्रार केली नाही. मी एकदा सहज म्हणून चालू व्हीएमला आठ डिस्का जोडून पाहिल्या होत्या, आठही दिसल्या.

दोन महिन्यांपूर्वी शेठनी विजेचं बिल आणि सर्व्हरच्या पंख्याचा आवाज दोन्ही मनावर घेतलं आणि वापरलेला अ‍ॅम्पिअर आल्ट्रा आणला, एआरएम प्रोसेसरवाला, 80 कोरचा. होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, उबुंटू 24.04, व्हीएम चालवणारं क्यूईएमयू 8.2, त्याला सांभाळणारं लिबव्हर्ट 10.0, कर्नलमधलं केव्हीएम चालू. गेस्ट, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टीम, सगळे नव्याने उभे केले, कारण एक्स86 ची सिस्टीम उचलून एआरएमवर केव्हीएमखाली चालत नाही. हे शेठना समजावण्यात एक अख्खी दुपार गेली. पण व्हीएमची मांडणी लिहिलेल्या एक्सएमएल फायली मी जुन्याच घेतल्या. आर्किटेक्चर एआर्क64 केलं, मशीन 'व्हर्ट' केलं, यूईएफआय (बूट करणारं फर्मवेअर) लावलं, सगळे पीसीआय पत्ते (कुठलं उपकरण कुठल्या जागी ते) पुसले आणि जे जे अडलं ते ते उडवलं. व्हीएम चालू झाल्या, रोजचा बॅकअपही बिनबोभाट चालला.

या महिन्यापासून शनिवारची एक दुसरी डिस्क सुरू केली. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी चढलं तेव्हा शेठच्या नदीकाठच्या घरी तळमजल्यावर ठेवलेल्या आमच्या बॅकअपच्या डिस्का गेल्या. तेव्हापासून ठरलंय की एक प्रत माझ्या घरी, दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर राहील. तर शनिवारी व्हीएमला दोन डिस्का एकदम जोडायच्या. पहिली जोडली गेली. दुसरीला विर्श, म्हणजे लिबव्हर्टची कमांड, म्हणालं: "नो मोअर अव्हेलेबल पीसीआय स्लॉट्स". अकराच्या अकरा व्हीएमवर तेच.

काय काय करून पाहिलं ते सांगते. लाइव्हऐवजी नुसतं कॉन्फिग लावून जोडली, तर लिबव्हर्टने मुकाट लिहून घेतली. व्हीएम आतून रीबूट केली, दिसली नाही. पूर्ण बंद करून परत चालू केली, तेव्हा दिसली. मग वाटलं, स्लॉटच कमी असतील तर चालू व्हीएमला एक पोर्ट जोडून टाकू. त्यावर लिबव्हर्टने तोंडावर सांगितलं की पीसीआय कंट्रोलर चालू मशीनला जोडता येत नाही. गेस्टच्या आत डी-मेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, काहीच नाही, म्हणजे गोष्ट आतपर्यंत पोचतच नाहीये.

शेठ विचारतात, "बेन, जूना सर्वरमां तो चालतुं हतुं?" मला उत्तर हवंय. हा एआरएमचा दोष आहे, केव्हीएमचा, की माझा?

खजराना_नाका
रविवार, रात्री 12:31

रूट पोर्ट संपलेत. व्हीएम बंद करा, पीसीआयई-रूट-पोर्ट वाढवा, चालू करा. दहा मिनिटांचं काम.

पण दोन डिस्का एकदमच कशाला? एकेक करून जोडा ना.

रात्रपाळी_बडोदा
रविवार, रात्री 12:40

रीस्टिक-कॉपी एका साठ्यातून थेट दुसऱ्या साठ्यात प्रत करतं, त्यासाठी दोन्ही एकाच वेळी समोर लागतात. हे होस्टवर करता आलं असतं, पण मग साठ्याचा पासवर्ड होस्टवर ठेवावा लागेल आणि होस्टवर माझ्याशिवाय आणखी दोघं येतात. ते नको.

लष्कर_ग्वाल्हेर
सोमवार, सकाळी 7:05

ताई, एआरएमवर पीसीआयच्या भानगडीत पडूच नका. व्हर्टआयओ-एमएमआयओ लावा, म्हणजे व्हीएमची व्हर्टआयओ उपकरणं पीसीआयशिवाय थेट मेमरीच्या पत्त्यावर. मी सुरुवातीपासून तेच लावत आलोय, स्लॉटचा प्रश्नच येत नाही. व्हर्ट मशीनला असे 32 ट्रान्सपोर्ट तयारच मिळतात.

रामबाग_काका
सोमवार, सकाळी 9:48

ग्वाल्हेरकर, क्षमा असावी, पण हा सल्ला ताईंना खड्ड्यात घालेल. ते 32 ट्रान्सपोर्ट खरे आहेत, पण मशीन चालू होताना जे लागलं ते लागलं. एमएमआयओवर चालू मशीनला काही जोडण्याची सोयच नाही. एआरएमच्या व्हर्ट मशीनवर पीसीआय नीट चालत नव्हतं त्या काळातली ती रीत. ज्याला नंतर काही जोडायचं नाही त्याने खुशाल वापरावी.

आता ताई, जरा सविस्तर लिहितो. मी निवृत्त माणूस आहे, पोहे-जिलबी झालेली आहे, वेळ आहे.

तुमचं जुनं मशीन बहुधा 'पीसी' या साच्याचं होतं, म्हणजे आय440एफएक्स, इंटेलच्या 1996 सालच्या चिपसेटची नक्कल. त्यात एकच पीसीआय बस, तिच्यावर 32 जागा, आणि त्याच बसवर एसीपीआयच्या (फर्मवेअर आणि सिस्टीममधल्या संवादाच्या) मार्फत चालू मशीनला उपकरण जोडता येतं. म्हणून तुमच्या आठ डिस्का सहज बसल्या. तुम्ही काही मांडणी केली नव्हती, कारण करावी लागत नव्हती.

एआरएमचं 'व्हर्ट' मशीन कुठल्याही खऱ्या बोर्डाची नक्कल नाही. ते मुळातच पीसीआय एक्सप्रेसवर बेतलेलं आहे. त्यातल्या पीसीआयई.0 या मूळ बसवर जे बसतं ते जन्मजात बसतं, चालू मशीनला तिथे काही लावता येत नाही. लावायचं तर रूट पोर्ट हवा. आमच्या जुन्या वाड्यात दिव्याची वायर भिंतीत पुरलेली होती आणि पंख्यासाठी एक प्लगपॉइंट होता, तसंच हे. एका रूट पोर्टात एकच उपकरण. आणि प्लगपॉइंट स्वतःच भिंतीत बसवायचा असल्याने चालू विजेवर तो बसवता येत नाही, म्हणून लिबव्हर्टने तुम्हाला हाकललं.

तुमच्या बाबतीत नेमकं झालं काय, तर तुम्ही पत्ते पुसलेत. पत्ते पुसले की लिबव्हर्ट प्रत्येक व्हर्टआयओ उपकरणाला स्वतःहून एकेक रूट पोर्ट देतं. मूळ डिस्कला एक, नेटवर्क कार्डाला एक, गेस्ट एजंटच्या सीरियलला एक, रॅम कमीजास्त करणाऱ्या बलूनला एक, यूएसबी कंट्रोलरला एक. आणि वर एक मोकळा ठेवतं, पुढे काही जोडायचं झालंच तर. फक्त एक. तुमची पहिली डिस्क त्या मोकळ्या पोर्टात गेली. व्हीएम विर्ट-मॅनेजरमधून नव्याने केली असती तर त्याने जास्तीचे पोर्ट आपणहून घातले असते आणि तुम्हाला हे कधी कळलंही नसतं. नुसतं कॉन्फिग लावल्यावर डिस्क पुढच्या चालूला दिसली, तेही याचमुळे, नव्या मांडणीत लिबव्हर्टला तिच्यासाठी पोर्ट देता आला. आतून रीबूट केल्यावर दिसली नाही, कारण रीबूटमध्ये क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहते, फक्त गेस्ट पुन्हा उठतो.

उपाय खजरानावाल्यांनी सांगितलाच आहे. व्हीएम बंद, मग विर्श एडिट, आणि डिव्हाइसेसच्या आत कंट्रोलरची ओळ: टाइप पीसीआय, मॉडेल पीसीआयई-रूट-पोर्ट. तेवढंच. इंडेक्स आणि पत्ता लिहायच्या फंदात पडू नका, सेव्ह केल्यावर लिबव्हर्ट भरून देतं. तुम्हाला चार जास्तीचे हवेत तर तीच ओळ चारदा.

आता एक सावधगिरी, कारण चार म्हटलं की लोक चाळीस घालतात. प्रत्येक रूट पोर्टामागे एक नवी बस येते आणि प्रत्येक बसच्या कॉन्फिगरेशनला 1 एमबी जागा लागते. 32 उपकरणं, दर उपकरणाची 8 फंक्शनं, दर फंक्शनला 4 केबी, गुणाकार करून बघा. व्हर्ट मशीनमध्ये यासाठी वरच्या पत्त्यांवर 256 एमबीची जागा असते, म्हणजे 256 बस. पण कुठल्यातरी लेखातून उचलून मशीनच्या पर्यायांत हायमेम बंद केलं असेल, तर खालची 16 एमबीचीच जागा मिळते, आणि मग सोळा बसमध्ये संसार. ते तपासा. शिवाय जुन्या पद्धतीची आयओ जागा सगळी मिळून 64 केबी, आणि पोर्टामागे ती 4 केबीच्या तुकड्यातच मिळते. सगळ्यांना द्यायची म्हटली तर सोळा पोर्टांतच संपली. नव्या व्हर्टआयओला आयओ लागत नाही, म्हणून त्यावाचून अडत नाही, पण लॉगमध्ये कुरकुर दिसली तर दचकू नका.

शेठना सांगा, सर्व्हर ठणठणीत आहे.

खजराना_नाका
सोमवार, सकाळी 10:15

काका, हेच मी एका ओळीत सांगितलं होतं 🙂

रामबाग_काका
सोमवार, सकाळी 10:22

सांगितलं होतंस, भिया. पण तिने "का" विचारलं होतं.

रात्रपाळी_बडोदा
बुधवार, रात्री 1:25

काका, खजरानावाले, दोघांचे आभार. काम झालं, आणि मग दुसरं अडलं. सगळं सांगते.

सोमवारी रात्री नऊला कारखाना रिकामा झाल्यावर बसले. येताना मांडवीजवळून शेव-उसळ बांधून आणली होती, ती कीबोर्डापासून लांब ठेवली, गेल्या वेळचा अनुभव आहे. पहिली व्हीएम बंद केली, चार ओळी घातल्या, सेव्ह केलं. परत उघडून पाहिलं तर खरंच लिबव्हर्टने इंडेक्स भरलेले. पत्त्यांत एक गंमत दिसली. पोर्ट वेगवेगळ्या स्लॉटवर न ठेवता एकाच स्लॉटवर आठ-आठ बसवलेत, फंक्शन शून्यापासून सातपर्यंत, आणि पहिल्यावर मल्टिफंक्शन ऑन. आत एलएसपीसीआय (पीसीआय उपकरणांची यादी) मारलं तर 00:01.0 ते 00:01.7 अशी आठ जणांची रांग आणि पुढचे 00:02 वर. प्रत्येकापुढे रेड हॅटचं नाव आणि क्यूईएमयू पीसीआयई रूट पोर्ट. हायमेमला मी हात लावलेलाच नव्हता, ते बरं झालं.

दोन डिस्का जोडल्या, दोन्ही दिसल्या. अकरा व्हीएम उरकेपर्यंत साडेअकरा वाजले आणि उसळ थंड झाली.

आता दुसरं. शनिवारच्या स्क्रिप्टच्या शेवटी मी एक नवी ओळ घातलीय. सगळ्या व्हीएमच्या डिस्का काढून झाल्या की होस्टवरून तो घरी न्यायचा ड्राइव्ह उमाउंट करायचा (सिस्टीमपासून सोडवायचा), म्हणजे सकाळी मला तो नुसता उपटून पर्समध्ये टाकता येईल. काल चाचणी घेतली. दहा व्हीएम झाल्या, अकरावीची डिस्क काढायचा हुकूम गेला, विर्शने यश सांगितलं आणि पुढच्याच ओळीला उमाउंट म्हणालं, "टार्गेट इज बिझी". हाताने एलएसओएफ (फाइल कुणी धरलीय ते सांगणारी कमांड) मारून बघेपर्यंत कुणी धरलेलं नाही. उमाउंट हाताने केलं, लगेच झालं. परत चाचणी, परत तेच. रोजच्या ड्राइव्हला हे कधी दिसलं नाही, कारण तो मी कधी उमाउंटच करत नाही.

जुन्या डब्यावर काढा म्हटलं की डिस्क निघायची. इथे हुकूम "झालं" म्हणतो आणि काहीतरी मागे रेंगाळतं. मध्ये स्लीप 10, म्हणजे 10 सेकंदांचा थांबा, टाकला तर चालतंय, पण मला स्लीप टाकून बरी केलेली स्क्रिप्ट आवडत नाही. ती पावसाळ्यात परत आजारी पडते.

फतेहगंज_टर्मिनल
बुधवार, सकाळी 8:50

नमस्कार ताई, मीही बडोद्याचाच. स्लीपबद्दल तुमचं बरोबर आहे. हे रेंगाळणं नेमकं 5 सेकंदांचं आहे आणि त्यामागे एक बटण आहे.

खऱ्या सर्व्हरवर पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड चालू मशीनमधून काढायचं तर स्लॉटशेजारी एक लहान बटण असतं, अटेन्शन बटण. ते दाबलं की दिवा लुकलुकायला लागतो आणि सिस्टीम 5 सेकंद वाट बघते. या 5 सेकंदांत तुम्ही परत दाबलंत तर काढणं रद्द. नाही दाबलंत तर ड्रायव्हर उतरवते, स्लॉटची वीज बंद करते, मग तुम्ही कार्ड उपसायचं. चुकून भलतंच बटण दाबणाऱ्या माणसासाठी ती सवलत आहे.

एआरएमच्या तुमच्या व्हीएमवर हॉटप्लग, म्हणजे चालू मशीनला जोडणं-काढणं, याच अस्सल पद्धतीने चालतं. तुम्ही डिटॅच म्हणता तेव्हा क्यूईएमयू गेस्टसमोर ते न दिसणारं बटण दाबतं. गेस्टमधला पीसीआयई-एचपी ड्रायव्हर इमानदारीत 5 सेकंद थांबतो, कुणी माणूस मत बदलतो का बघत. मग वीज बंद. तेव्हा कुठे क्यूईएमयू डिस्क सोडतं आणि फाइल बंद करतं. त्या वेळी आत डी-मेसेज बघा, पीसीआयई-एचपीची ओळ दिसेल, बटण दाबलं गेलंय अशी.

आता मजा अशी की लिबव्हर्टही डिटॅचनंतर वाट बघतं, तेही 5 सेकंद, आणि मग विनंती पोचली म्हणून यश सांगून मोकळं होतं. दोघांचे 5 सेकंद जवळजवळ एकदमच संपतात, त्यात लिबव्हर्ट किंचित आधी. एलएसओएफ टाइप करेपर्यंत मागचं काम उरकलेलं असतं, म्हणून तुम्हाला कुणीच सापडलं नाही. पहिल्या दहा व्हीएमना त्रास दिसला नाही, कारण पुढच्या व्हीएमचा बॅकअप होईपर्यंत मागचीला भरपूर वेळ मिळत होता.

स्क्रिप्टमध्ये स्लीपऐवजी विर्शचं डोमब्लकलिस्ट, म्हणजे व्हीएमच्या डिस्कांची यादी, विचारत राहा. डिस्क खरोखर निघेपर्यंत चालू व्हीएमच्या यादीत तिचं नाव राहतं. दर सेकंदाला बघा, नाव गेलं की पुढे जा, मिनिटभरात नाही गेलं तर थांबा आणि स्वतःला मेल करा. विर्श इव्हेंटने डिव्हाइस-रिमूव्हड ची वाट बघता येते, ते जास्त देखणं आहे, पण ऐकायला डिटॅचच्या आधी बसावं लागतं. उशिरा बसलात तर घंटी वाजून गेलेली असते.

आणि हे बटण गेस्टने ऐकावं लागतं. गेस्ट लटकलेला असेल, किंवा अजून यूईएफआयच्याच पडद्यावर असेल, तर तुम्ही कितीही दाबा. म्हणून मिनिटभराची ती मर्यादा हवीच. हुकूम परत परत मारू नका. जुन्या क्यूईएमयूवर दुसरा हुकूम म्हणजे दुसऱ्यांदा दाबलेलं बटण, आणि दुसऱ्यांदा दाबलं की काय होतं ते वर लिहिलंय. तुमच्या 8.2 वर ते निदान सांगतं की काढणं आधीच चालू आहे.

लष्कर_ग्वाल्हेर
बुधवार, दुपारी 1:10

एमएमआयओचा सल्ला परत घेतो. काका बरोबर होते, मी आमच्या मशीनवर करून बघितलं.

पण आता खरंच उपयोगाचं सांगतो. इतके पोर्ट आणि बटणं कशाला? प्रत्येक व्हीएमला एक व्हर्टआयओ-स्कझी कंट्रोलर द्या, म्हणजे अनेक डिस्का पोटात घेणारं एकच उपकरण. त्याला एकदाच एक रूट पोर्ट लागतो. मग डिस्का त्या कंट्रोलरवर जोडा, टार्गेट बस स्कझी. हव्या तितक्या जोडा, एकही स्लॉट जात नाही. डिस्क आल्याची खबर गेस्टला व्हर्टआयओ-स्कझीच्या आपल्या रस्त्याने जाते, पीसीआयई-एचपीचा संबंधच नाही. काढतानाही 5 सेकंद नाहीत.

फतेहगंज_टर्मिनल
बुधवार, दुपारी 2:02

हे चांगलं आहे, फक्त एक. 5 सेकंद नाहीत याचा अर्थ गेस्टला विचारतही नाही. स्कझीची डिस्क हुकूम मिळताच जाते आणि गेस्टला नंतर कळतं. आत माउंट राहून गेली असेल तर लिहितालिहिता हातातली पाटी ओढून नेल्यासारखं. तुमच्या आत्ताच्या व्हर्टआयओ-ब्लॉक डिस्कवरही लिनक्स माउंटची फार पर्वा करत नाही, वेळ झाली की डिस्क सोडतो, पण निदान 5 सेकंद मिळतात. दोन्हीकडे आधी आत उमाउंट, मग बाहेर डिटॅच.

आणि गेस्टच्या आत डिस्कांची नावं बदलतील. व्हीडीबी होतं ते एसडीए होईल. स्क्रिप्टमध्ये नावाने माउंट करत असाल तर फाइलसिस्टीमला लेबल द्या आणि लेबलने माउंट करा.

रामबाग_काका
बुधवार, दुपारी 4:30

मी नव्याने मांडत असतो तर स्कझीच घेतली असती. पण ताईंचे पोर्ट आता बसलेत, चालतायत. चालत्या गाड्याचं चाक काढू नये. यूएसबीचंही तसंच आहे म्हणा, एक एक्सएचसीआय कंट्रोलर असला की पेन ड्राइव्ह त्याच्यावर लागतात आणि निघतात, स्लॉट लागत नाही.

रात्रपाळी_बडोदा
बुधवार, संध्याकाळी 6:15

पेन ड्राइव्हचं बरं आठवण केलंत. शेठ ड्रॉइंग अजून पेन ड्राइव्हवर आणतात, शर्टाच्या खिशातून, वर तंबाखूची पूड.

होस्टेल_खोली_3
बुधवार, रात्री 9:40

मध्ये घुसतोय, माफ करा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एआरएम व्हीएमला डिस्कसारखीच चालू अवस्थेत रॅम आणि सीपीयूही वाढवता येतात का? प्रोजेक्टसाठी हवंय. लॅबमधल्या सर्व्हरवर 8.2 च आहे.

रामबाग_काका
बुधवार, रात्री 10:20

रॅम येते. क्यूईएमयू 4.2 पासून व्हर्ट मशीनवर ती सोय आहे. यूईएफआय आणि एसीपीआयने बूट झालेला गेस्ट लागतो, कारण रॅमची खबर एसीपीआयच्या जेनेरिक इव्हेंट डिव्हाइसमधून जाते. पोर्टांसारखंच, कमाल किती आणि किती स्लॉट हे मशीन बंद असताना सांगून ठेवावं लागतं. लिबव्हर्ट एक तरी नूमा नोड (सीपीयू आणि रॅमचा गट) मागेल, तो दे, सगळे सीपीयू त्याच्यात टाक. गेस्टचा कर्नल जुना असेल तर 1 जीबीच्याच पटीत रॅम जोड. 4 केबीच्या पानांवर 5.12 पासून तो तुकडा 128 एमबीवर आला.

सीपीयू तुझ्या 8.2 वर जोडता येत नाही. केव्हीएमवर इंटरप्ट कंट्रोलर, म्हणजे जीआयसी, सुरू होतानाच किती सीपीयू आहेत ते मोजून घेतो आणि नंतर नवा माणूस पंगतीत घेत नाही. लिनक्सने आपल्या बाजूची तयारी 6.11 मध्ये केली, पण ती एकट्याने पुरत नाही. तोवर उलटं कर. सुरुवातीलाच 16 दे आणि आतून 12 ऑफलाइन ठेव. सेटव्हीसीपीयूजला गेस्टचा पर्याय दिलास की गेस्ट एजंट तेच करतो. प्रोजेक्टमध्ये मात्र याला हॉटप्लग म्हणू नकोस, परीक्षक विचारेल.

होस्टेल_खोली_3
बुधवार, रात्री 10:24

काका 🙏

रात्रपाळी_बडोदा
रविवार, सकाळी 11:05

शनिवार पार पडला, म्हणून लिहितेय.

डोमब्लकलिस्टची वाट बघणारी सात ओळींची फेरी टाकली. दहा व्हीएमवर प्रत्येक वेळी पहिल्या-दुसऱ्या फेरीलाच नाव गेलं. शुक्रवारी चाचणीच्या वेळी एका व्हीएमच्या आत डी-मेसेज उघडा ठेवून बघत बसले होते. बटण दाबल्याची ओळ आली. मग काहीच नाही. मी घड्याळ बघतेय, मशीन कुणाची तरी वाट बघतंय. मग वीज गेली आणि डिस्क गेली. बटण नसलेल्या बटणापाशी माणूस नसलेल्या माणसासाठी 5 सेकंद. मला जरा हसूच आलं.

उरलेली एक व्हीएम वेगळीच निघाली. ती हजेरीच्या मशीनची, ज्यांच्याकडून ते घेतलं त्यांनीच तयार इमेज दिली होती, कर्नलसकट. तिच्यात डिस्क जोडल्यावर बाहेर सगळं आलबेल आणि आत शुकशुकाट. मला वाटलं परत पोर्ट. पण पोर्ट होते. मग तिच्या बूट फोल्डरमधली कर्नलची कॉन्फिग फाइल चाळली, तर कॉन्फिग-हॉटप्लग-पीसीआय-पीसीआयई बंद. म्हणजे बटण दाबणारा आहे आणि ऐकणारा कुणी नाही. इतके दिवस तिचा बॅकअप होतच नव्हता, आणि माझी स्क्रिप्ट डिस्क दिसली नाही तर गुपचूप पुढे जात होती. हा दोष पूर्ण माझा. दोन महिन्यांची हजेरी बॅकअपविना होती हे शेठना अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

कर्नल त्यांचा, त्याला हात लावला तर ते मदत करणार नाहीत. पण व्हर्टआयओ-स्कझीचा ड्रायव्हर त्यात होता. म्हणून ग्वाल्हेरकरांचा उपाय तेवढ्या एका व्हीएमला लावला. बंद केली, कंट्रोलर घातला, चालू केली, दोन्ही डिस्का स्कझीवर जोडल्या, लगेच एसडीए आणि एसडीबी. माउंट लेबलने. आणि उमाउंट झाल्याशिवाय डिटॅचच्या ओळीला स्क्रिप्ट पोचतच नाही असं केलं. डिस्क दिसली नाही तर आता ती जागीच थांबते आणि मला फोनवर मेसेज येतो.

शनिवारी रात्री 2:17 ला ड्राइव्ह आपोआप उमाउंट झाला. आज सकाळी जाऊन तो घेऊन आले. आता दांडिया बाजारात आहे, माळ्यावर, सासूबाईंच्या फराळाच्या डब्यांमागे.

रामबाग_काका
रविवार, दुपारी 12:40

छान. त्याच ड्राइव्हवर अकराही व्हीएमच्या डम्पएक्सएमएलच्या (मांडणीच्या) फायली टाका, नाहीतर नव्या होस्टवर हे पोर्ट परत हाताने मोजत बसाल. आणि यूईएफआयच्या एनव्हीरॅमच्या (बूटच्या सेटिंगांच्या) फायलीही. त्या लिबव्हर्टच्या फोल्डरमध्ये वेगळ्या असतात, डिस्कच्या बॅकअपमध्ये येत नाहीत.

रात्रपाळी_बडोदा
रविवार, दुपारी 12:58

एक्सएमएल टाकल्या होत्या. एनव्हीरॅम विसरले. ड्राइव्ह परत खाली काढतेय, सासूबाई विचारतायत काय शोधतेस.